पत्र्याची पेटी की घोंगडीची पडशी

आप्पांची अट सरळ होती. फटफटीवर माल लादून सांगोल्याकडच्या गावांतून एक फेरी मारायची. माल खपला तर पुढचे सगळे बाजार माझे. परत आला तर फटफटी विकायची आणि मी जन्मभर नवी पेठेतल्या आमच्या कापडदुकानात, त्यांच्या शेजारी गादीवर बसून खण मोजायचे. त्या गादीचा मला मनापासून कंटाळा होता. आजही आठवलं की पाय अवघडतात.

प्रश्न एवढाच होता की लुगडी न्यायची कशात. माझ्या डोक्यात पडशी होती. जाड घोंगडीची, दोन तोंडांची, सीटवरून दोन्ही अंगांना सोडलेली. धनगर घोड्यावर अख्खा संसार असाच लादतात आणि तो वाटेत सांडलेला मी कधी पाहिला नव्हता. आप्पांना हे ऐकूनच राग आला.

"गठुडी घेऊन फेरीवाले हिंडत्यात," ते म्हणाले. "आपलं दुकान हाय. पेटी ने. कुलूप लावून ने."

मी पुष्कळ वाद घातला. माझी आई, अव्वा, चुलीपाशी कानडीत पुटपुटली की दोघांची डोकी एकाच दगडाची आहेत. पण फटफटी माझी असली तरी माल त्यांचा होता. शेवटी मिस्तरीकडून पत्र्याच्या दोन पेट्या करून घेतल्या, लोखंडी पट्ट्यांनी मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना बसवल्या, त्यांना हिरवा रंग दिला. कुलपं लागली तेव्हा कुठे आप्पांचा जीव भांड्यात पडला.

मंगळवेढ्यापर्यंत ठीक चाललं. पुढे गाडीवाट लागली आणि पेट्यांनी छळ मांडला. प्रत्येक खड्ड्यात त्या बोंबलत, बाभळीच्या कुंपणात अडकत. एकदा मी आडवा झालो तेव्हा एका पेटीचा कोपरा असा चेपला की झाकण ठोकून बसवावं लागलं. तरी मी चिडून पुढे रेटलं. खरी गंमत पहिल्या गावात कळली. पारावर चिटपाखरू नव्हतं. दुसऱ्या गावातही तेच. तिसऱ्या गावात तर माझ्या डोळ्यांदेखत गडीमाणसं धोतरं सावरत ओढ्याकडे पळाली.

आणीबाणीचे दिवस होते. नसबंदीच्या धास्तीनं गावं आधीच हादरलेली. हे मला माहीत होतं, पण कापडवाल्याला कोण घाबरेल, असं आम्हा पेठेतल्या शहाण्यांना वाटलेलं. आधी मला हसू आलं, मग रडू फुटायची वेळ आली. गादी डोळ्यांपुढे दिसायला लागली.

एक बाई तेवढी मेंढरांच्या वाड्यापाशी काठी घेऊन उभी राहिली होती.

"सुया-बिया आमच्या गावात न्हाय चालायच्या," ती म्हणाली.

"बाई, लुगडी आहेत."

"मग उघडा की."

मी पेटी उघडली. तिनं लुगड्याचा काठ अंगठ्यानं चोळून बघितला, पसंत पडल्यासारखी मान हलवली आणि मग मलाच झापलं. "लुगड्याला कुलूप कशाला वो? कापडवाला गठुडं घेऊन येतोय. पेटी घेऊन येतंय ते सरकार असतंय."

मी तिथंच ठरवलं. आप्पा काय म्हणतील ते म्हणोत. तिची नजर पेट्यांवर होती. उंदरांनी ज्वारीचा नाश चालवला होता म्हणे. मी म्हटलं, दोन्ही पेट्या घ्या आणि मला दोन घोंगड्या द्या. "मागनं फसवलं म्हनू नगा," असं बजावून तिनं घोंगड्या काढल्या, दाभणही दिलं. मी बसून वेडीवाकडी पडशी शिवली. तोवर तिनं ओढ्याकडे तोंड करून हाका मारल्या, गडी एकेक करून परतले, आणि बाया तर त्यांच्याही आधी आल्या. पुढच्या गावांत कुणी पळालं नाही. पडशी दिसली की बायाच विचारायच्या, काठ कसला आणलाय.

परतलो तेव्हा दुकान गिऱ्हाइकांनी भरलं होतं. आप्पांनी आधी फटफटीकडे पाहिलं.

"पेट्या कुटं हायत?"

"देऊन टाकल्या."

"माल?"

"खपला."

त्यांचा चेहरा हलला नाही. माझ्या खांद्यावरच्या पडशीला मेंढरांचा वास मारत होता. ते हळूच म्हणाले, "मागच्या दारानं आत ने. लोक बघायलेत."

अंग मोडून आलं होतं, पण आता माघार घ्यायची नव्हती. मी चपला काढल्या, समोरूनच चढलो आणि ती पडशी पांढऱ्याशुभ्र गादीवर त्यांच्या शेजारी, जिथं मी बसायचो तिथं, ठेवली. गिऱ्हाइकं माना वळवून बघायला लागली. आप्पांनी चादरीवर सांडलेल्या धुळीकडे पाहिलं. मग तक्क्यासकट थोडं बाजूला सरकले, पडशीचं तोंड उघडून आत हात घातला आणि अंदाज घेतला.

"मोठी शिवून घे," ते म्हणाले. "ह्यात कितीसं मावतंय."