फुस्सकाकांचा अर्धा फेरा

गॅरेजवाल्या काकांना सगळे फुस्सकाका म्हणत, कारण इंजिनात हवा कुठून गळते ते त्यांना नुसतं ऐकून कळे. बायको गेल्यापासून त्यांच्याशी बोलायचं ते इंजिनच, आणि तेही बिघडलं तरच.

त्या दुपारी एक निवृत्त शिक्षिका गाडी घेऊन आल्या आणि गाल फुगवून म्हणाल्या, "काका, चढावर ही अशी करते बघा, फूऽऽस्स! मग आमच्या ह्यांच्यासारखी, ढकललं तरी हलत नाही!"

काका खो खो हसले. किती दिवसांनी, कोण जाणे.

टर्बोच्या दाबाने इंजिनाला हवा पुरवणारी नळी निसटली होती. काकांनी तिचं चिरलेलं टोक कापलं, नळी पार आतवर बसवली आणि वरून क्लॅम्प आवळायला घेतला. बाई शेजारी स्टुलावर बसून ह्यांच्या घोरण्याची नक्कल करत होत्या. स्क्रूचा शेवटचा अर्धा फेरा उरला आणि काकांचा हात थांबला. एवढा सैल ठेवला, तर आठवड्याभरात नळी पुन्हा सुटेल. बाई पुन्हा येतील, स्टुलावर बसतील.

पण नळी सुटेल ती चढावरच, मागे ट्रक असताना.

"काय हो काका, अडलं का कुठे?"

"छे, झालंच की," म्हणत त्यांनी तो अर्धा फेरा आवळून टाकला.

"म्हणजे आता परत यायला नको ना?"

"अजिबात नको," काका म्हणाले, आणि बॉनेट पुसायला लागले. ते चांगलं लख्ख होतं, तरी बराच वेळ पुसत राहिले.