ऑल अलाइन्ड

इंग्रजीशी माझं वैर नाही. शाळेत बऱ्यापैकी मार्क पडायचे, आणि कारखान्यात लेबलं, मशीनवरच्या सूचना, मालाची चलनं वाचताना माझं कधी अडलं नाही. माझा राग आहे तो मीटिंगमधल्या इंग्रजीवर. ते शिकायला मी पंचेचाळिशीत क्लास लावला, कर्जतला लागून असलेल्या दहिवलीत, एका मेडिकलच्या वरच्या खोलीत. त्या दीड-दोन महिन्यांत माझी जेवढी चिडचिड झाली तेवढी मुलीच्या दहावीतसुद्धा झाली नव्हती.

मी खालापूर बाजूच्या एका कारखान्यात पॅकिंगची सुपरवायझर आहे. औषधाच्या बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं बनतात आमच्याकडे. पॅकिंगला सगळ्या बायका, आणि त्यांतल्या बहुतेक कर्जतच्या आतल्या बाजूने, डोंगरपायथ्याच्या गावांतून येतात. त्यांना आणायला कंपनीची गाडी आहे. पहिली पाळी सातला सुरू होते आणि त्या वेळेला पोचवणारी एसटी नाही. गाडी आहे म्हणून या बायकांची नोकरी आहे, आणि माझीही. मी त्याच गाडीत दहिवलीच्या नाक्यावर चढते.

मध्यंतरी कंपनी विकली गेली. नवे मालक बंगळूरचे. त्यांचे मोठे साहेब आम्हाला पडद्यावरच दिसतात, दर सोमवारी. पडद्याच्या अलीकडे आम्ही तिघे: मी, मेंटेनन्सचे भाऊ आणि स्टोअरचे चाचा. चाचा कर्जतमधल्या जुन्या मुसलमान व्यापारी घरातले. उर्दू वाचतात, मराठी माझ्यापेक्षा गोड बोलतात, बाजारात कुणाशीही घासाघीस करून दाखवतील. पण साहेब एकदा सुरू झाले की चाचाही माझ्यासारखेच समोरच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण न्याहाळत बसतात. निदान झाकण तरी आमच्या ओळखीचं.

एका सोमवारी साहेबांनी गाडीचा विषय काढला. खर्च कमी करायचा होता. त्यांनी पडद्यावर नकाशा लावला आणि कर्जत-खोपोली रेल्वेवर बाण फिरवून म्हणाले, ट्रेन कनेक्टिव्हिटी आहे ना! नकाशात ती रेघ कारखान्याला चिकटलेली दिसते. खोपोलीला उतरून पुढे भल्या पहाटे रिक्षा कोण आणून उभी करणार, आणि मुळात डोंगराखालच्या गावातून कर्जत स्टेशनपर्यंत बाईने यायचं कशाने, हे नकाशात दिसत नाही. सगळं दाखवून झाल्यावर साहेबांनी विचारलं, "एनी ऑब्जेक्शन्स?"

आम्ही तिघेही गप्प बसलो. भाऊंनी मान खाली घातली. चाचांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मी टेबलाच्या कडेला नखाने रेघ ओढत राहिले. आमच्याकडे याहून मोठ्याने 'नाही' म्हणायची पद्धत नाही.

हे नीट सांगायला हवं, नाहीतर आम्ही घाबरून मूग गिळून बसलो असं कुणालाही वाटेल. माझ्या गावात अजून गावकी बसते. देवळात सगळी घरं जमतात, म्हातारा पुढारी विषय मांडतो आणि एकेका घराला विचारतो. पटलं तर माणूस तोंडाने 'हा' म्हणतो. नाही पटलं तर तोंडावर 'नाही' म्हणून म्हाताऱ्याचा अपमान कुणी करत नाही, नुसता गप्प बसतो. एक घर गप्प राहिलं तरी म्हातारा समजतो, "बरं, परत बसू" म्हणतो, आणि विषय तिथेच थांबतो. चाचांच्या जमातीच्या बैठकीतही हेच चालतं, त्यांनीच सांगितलं. गप्प बसलेल्या माणसाला ओलांडून कुणी पुढे जात नाही. ते माणुसकीला धरून नाही.

बाहेर आल्यावर चाचा म्हणाले, "समजले असतील साहेब. आता नाय काढायचे तो विषय."

दुपारी मेल आला. पुढच्या तिमाहीपासून गाडी बंद, आक्षेप कुणाचाही नाही, ऑल अलाइन्ड. म्हणजे आम्ही सगळे एका मताचे! मी तो मेल तीनदा वाचला आणि डोक्यात तिडीक गेली. तीन माणसं समोर बसून जीव तोडून नकार देतायत आणि हे खुशाल होकार लिहून मोकळे.

पुढच्या सोमवारी मी हिंदीत बोलले. साहेबांना समजलं असावं, मान तरी हलवली त्यांनी. पण आमच्या मीटिंगचा वृत्तांत आता मशीन लिहितं, आणि त्या मशीनला फक्त इंग्रजी कळतं. माझं सगळं भाषण त्यात 'आवाज अस्पष्ट' एवढंच उतरलं. वृत्तांतात नाही ते झालंच नाही, असा नव्या कंपनीचा कायदा. तिमाहीच्या शेवटच्या मीटिंगमध्ये गाडीवर शेवटचं शिक्कामोर्तब होणार होतं. तोवर मला इंग्रजीत तोंड उघडायला शिकायचं होतं. पी हळद नि हो गोरी!

क्लासचे सर वयाने माझ्या भाच्याएवढे. नवी मुंबईत कुठल्याशा कॉल सेंटरमध्ये होते. पहिल्याच दिवशी मी त्यांना सांगितलं, "सर, मला एकच वाक्य शिकवा. गाडी बंद करू नका."

सर हसले. "मॅडम, डायरेक्ट असं बोलायचं नसतं. आधी म्हणायचं, थँक यू फॉर शेअरिंग दिस."

"आभार कशाचे? गाडी बंद केल्याचे?"

"तशी पद्धत असते. मग म्हणायचं, आय कम्प्लीटली अंडरस्टँड युअर पॉइंट."

"पण मला त्यांचा पॉइंट मान्यच नाही."

"म्हणूनच तर म्हणायचं, मॅडम."

मी कपाळावर हात मारला. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, आणि वर त्या भांड्यालाच थँक यू म्हणायचं, अशी ही भाषा. विषय टाळायचा असेल तर 'लेट्स पार्क इट'. कुणाला गप्प करायचं असेल तर 'लेट्स टेक इट ऑफलाइन'. करायचं काहीच नसेल तर 'वुई विल सर्कल बॅक', म्हणजे गोल फिरून परत येऊ. आमच्या गाडीचा ड्रायव्हर असा गोल फिरत बसला असता तर पाळी कधी सुरूच झाली नसती. सहज होणाऱ्या कामाला म्हणे 'लो-हँगिंग फ्रूट'. खाली लोंबणारं फळ. मी सरांना सांगितलं, आमच्याकडे खाली लोंबेल ते शेळ्या खातात, माणसाला वर चढावं लागतं. सरांनी तेही फळ्यावर लिहून घेतलं. त्यांना वाटलं, मी उदाहरण दिलं.

सर वाईट नव्हते. मीच दर संध्याकाळी पाळीवरून आंबून यायची, मांडीवर पर्स ठेवून आठ-दहा तरण्या पोरांच्यात बसायची, आणि त्यांच्याबरोबर कोरसमध्ये 'गोइंग फॉरवर्ड' म्हणायची. लाज वाटायची. त्या पोरांना इंटरव्ह्यूसाठी हवं होतं ते सगळं. मला एका गाडीसाठी हवं होतं, आणि नेमकं तेवढंच कुणी शिकवत नव्हतं.

सकाळी गाडीत बसून मी पुटपुटत पाठ करायची. पॅकिंगमधली सर्वांत जुनी बाई, जिला आम्ही सगळ्या मावशी म्हणतो, ती माझ्यासाठी शेजारची जागा धरून ठेवायची. तिचा रोजचा एकच सवाल.

"झालं का गं शिकून? गाडी बंद करू नका, हे शिकवलं का?"

"नाही मावशी. काल 'मला एक छोटी शंका आहे' असं शिकवलं."

"शंका कसली? आपल्याला शंकाच नाय. गाडी पायजे."

"तसं डायरेक्ट बोलत नाहीत गं."

"मग बोलतात कशाला?" मावशी खिडकीबाहेर बघायची. तिचा नवरा कमरेने अधू आहे, घर तिच्या पगारावर चालतं. गाडी गेली तर ती पुन्हा दुसऱ्याच्या शेतावर जाणार, तेही लावणी-कापणीपुरतं. हे तिने मला एकदाच सांगितलं होतं, पण शेजारी बसली की मला रोज आठवायचं. माझी चिडचिड निम्मी त्याचीच होती. या बाईचं घर माझ्या जिभेवर टांगलेलं, आणि मी त्या जिभेने काय घोकतेय, तर 'जस्ट टू ॲड टू दॅट'.

शेवटचा सोमवार आला. चाचांनी सकाळीच मला वेलचीचा चहा पाजला आणि म्हणाले, "बेटी, आज तू बोल. आमी हाव पाठीशी." भाऊंनी माइक दोनदा तपासला. पडद्यावर साहेब आले, शेजारच्या चौकोनांत त्यांची आणखी चार माणसं आली. गाडीचा विषय निघाला आणि मी हात वर केला.

सगळं म्हटलं मी. थँक यू फॉर शेअरिंग दिस. तुमचा मुद्दा पूर्ण समजला. मला एक छोटी शंका आहे. रेल्वे आहे, पण ती या गावांना जोडत नाही. विथ ड्यू रिस्पेक्ट, गाडी नसेल तर पॅकिंग नसेल, आणि पॅकिंग नसेल तर माल गेटबाहेर जाणार नाही. एक शब्द अडखळला नाही.

साहेब अगदी खूश झाले. म्हणाले, "वंडरफुल! युअर इंग्लिश हॅज इम्प्रूव्ह्ड सो मच!" चौकोनातल्या दोघांनी टाळ्या वाजवण्याचं चित्र पाठवलं. मग साहेब म्हणाले, "व्हॅलिड पॉइंट, लेट्स पार्क इट," आणि पुढच्या विषयाचं पान लावलं. गाडी बंदच.

माझ्या कानशिलात रक्त चढलं. दीड-दोन महिने घासून जे शिकले त्याचं या माणसाने कौतुक केलं आणि ऐकलं काहीच नाही. सरांनी शिकवलेलं सगळं संपलं होतं. मी माइक ओढला.

"नो," म्हटलं मी. "नो, सर."

साहेबांनी पान थांबवलं. कुणी तोंडावर 'नो' म्हणेल हे त्यांच्याही गावकीत बसत नसावं. मी आवाज चढवला. "द बस विल कंटिन्यू. एनी ऑब्जेक्शन्स?"

पडद्यावर पाच चौकोन, पाचही गप्प. एकाने चहाचा कप तोंडाला लावला तो तिथेच धरला. साहेबांचं तोंड अर्धवट उघडं. मी त्यांना वेळ दिला, खोटं कशाला बोलू. त्यांनी आम्हाला दिला होता त्याहून जास्तच. चाचांनी चष्मा काढायला हात उचलला आणि परत खाली ठेवला.

"थँक यू," मी म्हटलं. "ऑल अलाइन्ड."

दुपारी मशीनचा वृत्तांत आला. गाडी चालू राहील. आक्षेप कुणाचाही नाही. साहेबांनी तो का बदलला नाही, मला ठाऊक नाही. बदलायला आणखी एक मीटिंग घ्यावी लागली असती, आणि तिथे मी असते. भाऊ म्हणाले, साहेब घाबरले. चाचा म्हणाले, त्यांना पॅकिंगचा मुद्दा उशिरा कळला. मला दोन्ही खरं वाटत नाही.

संध्याकाळी परतीच्या गाडीत मावशीने मला गाठलं. "काय झालं? काय बोलले ते?"

"काही बोलले नाहीत. गप्प बसले."

मावशीचा चेहरा उतरला. "गप बसले? म्हंजे नाय म्हटले!" मागच्या बायकाही पुढे वाकून ऐकू लागल्या. मी परोपरीने समजावलं, अगं त्यांच्यात गप्प बसणं म्हणजे होकार, कागदावर लिहून आलंय तसं. मावशी मान हलवत राहिली. "असं कुठं असतं? आपली समजूत काढतेस," म्हणाली, आणि घर येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. मी इतकी वैतागले की मीही बोलले नाही.

नव्या तिमाहीच्या पहिल्या सकाळी मी नाक्यावर अर्धा तास आधी जाऊन उभी राहिले. वृत्तांतावर माझाही तितकासा भरवसा नव्हता. अंधारात दिवे दिसले, गाडी थांबली. माझ्या जागेवर मावशीने डब्याची पिशवी ठेवली होती. मी चढताच तिने ती उचलली.

"आली बाई गाडी," ती म्हणाली. मग जरा वेळाने, माझ्याकडे न बघता, "मागं आमाला गावात सरकारी मानसं विचारायला आली होती. जमीन मोजायची, हरकत हाय का. आमी सगळे गप बसलो गं."