मखमलीवरचे चाकू

देवपूरला आमच्या शेजारी एक निवृत्त गणित शिक्षक राहायचे. ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पोलादी पाट्यांपासून ते हौसेनं चाकू घडवायचे. शिसवी मूठ, आरशासारखं पातं. त्या चाकूंनी आजवर फक्त सरांचीच बोटं कापली होती. एरवी ते कपाटात मखमलीवर आराम करायचे.

"एखादा द्या ना, वांगी चिरायला," मी एकदा म्हणालो.

"वांगी?" सरांनी हातातला चाकू छातीशी धरला. "ही कला आहे!"

तेवढ्यात त्यांच्या बायकोनं पेरूच्या फोडी आणल्या. "तुमनाच चाकूघाई काप्यात," काकू म्हणाल्या. सरांच्याच चाकूनं कापल्या होत्या!

सरांचा चेहरा उतरला. आता ओरडतील, असं मला वाटलं. पण त्यांनी एक फोड उचलली, तिची कड निरखून पाहिली आणि अगदी हळू विचारलं, "कसा चालना?"

काकूंनी उत्तर द्यायला मुद्दाम वेळ लावला.