चांदणं पडलं तर औषध

मी सहावीला भूगोल शिकवायचे. फळ्यावर खडूने ढग काढायचे आणि मुलांकडून घोकून घ्यायचे. तंतुमेघ उंच, पांढरे, पाऊस देत नाहीत. राशिमेघ कापसाच्या ढिगासारखे, हवा चांगली. स्तरमेघ खाली, राखाडी, झिमझिम. गर्जन्मेघाच्या तर नावातच सगळं आलं. परीक्षेला हा प्रश्न हमखास यायचा. अंबरनाथ पूर्वेच्या आमच्या शाळेत माझ्याइतके सुरेख ढग कुणी काढत नसे. हे मीच सांगते, कारण दुसरं कुणी सांगणार नाही.

घरी मात्र ढगांचं वेगळंच प्रकरण होतं. माझ्या लेकीला बाळदमा होता. सात वर्षांची पोर, नुसत्या काड्या. स्तरमेघ खाली उतरले की कारखान्यांचा वास वर जायचा नाही, गल्लीतच मुक्काम ठोकायचा, आणि हिच्या छातीत शिट्टी वाजायला लागायची. खिडक्या लावा, वाफ द्या, पाठ चोळा, आणि तरी नाहीच थांबलं तर रिक्षा करून उल्हासनगरला, कॅम्प चारच्या डॉक्टरांकडे, इंजेक्शनला. भला माणूस होता तो. "बड़ी होगी तो अपने आप ठीक हो जाएगी," म्हणायचा. ती बडी होईपर्यंत मी काय करू, ते मात्र त्यालाही सांगता येत नव्हतं.

अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वद साल असेल. शेजारणीने वांगणीच्या एका वैद्यबुवांचं सांगितलं. ते कोजागिरीच्या रात्री दम्याचं औषध खिरीतून देत. खिरीची वाटी उघड्यावर धरायची, चंद्र डोक्यावर आला की त्याचं चांदणं थेट खिरीत पडायला हवं, मगच ती खायची. आणि रोग्याने रात्रभर डोळा मिटायचा नाही, झोपलं की औषध लागू पडत नाही. वर्षातून एकच रात्र.

मी बी.एड. झालेली बाई. पण पोरीचा श्वास अडकला की बी.एड. कुठे पळतं कोण जाणे. ह्यांनी विचारलं, "तुझा विश्वास आहे यावर?"

म्हटलं, "अहो, विश्वास गेला चुलीत. तुमच्याकडे दुसरं काही आहे का?"

नव्हतं. ह्यांनी कारखान्यात कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशीची रजा टाकली.

कोजागिरीच्या सकाळी आभाळ लख्ख होतं. मला इतकं बरं वाटलं की मी वर्गात कुणाला ओरडलेसुद्धा नाही. मधल्या सुट्टीत मलंगगडाच्या बाजूला पांढरे राशिमेघ दिसले. म्हटलं, असू देत. शाळा सुटेपर्यंत ते एकमेकांच्या खांद्यावर चढून बसले होते आणि त्यांचे तळ काळे पडले होते. ऑक्टोबरात दुपारचे राशिमेघ असे वर चढायला लागले की संध्याकाळी काय होतं, हे मी वर्षानुवर्षं शिकवत होते.

कर्जत गाडीत हे म्हणाले, "जातील गं ते, अजून वेळ आहे."

"काय जातायत! माथा बघा कसा ऐरणीसारखा पसरलाय. गर्जन्मेघ आहे तो."

"बरं, बाई," म्हणाले आणि पोरीला मांडीवर घेऊन बसले. माझ्या ज्ञानाचा राग मलाच येत होता. दुसऱ्या कुणाला निदान रात्रीपर्यंत आशा तरी धरता आली असती.

वैद्यबुवांच्या अंगणात माणसं जमली होती. म्हातारे होते, कडेवर पोरं घेतलेल्या बाया होत्या, जो तो आपापली वाटी घेऊन आलेला. दिवेलागणीला गडगडाट सुरू झाला आणि पाऊस असा काही कोसळला की आम्ही सगळे पडवीत अंग चोरून उभे राहिलो, पदराखाली वाट्या झाकून. तासाभरात थांबला. लोक खूश झाले, "मोकळं झालं, मोकळं झालं!" मी वर बघत होते. गर्जन्मेघ परवडतो, बरसून निघून जातो. पण तो मागे एक सपाट थर ठेवून गेला होता, आणि वारा तर पानही हलवत नव्हता.

बुवांनी वाट्यांत खीर वाढली. आम्ही सगळे वर बघत उभे. ढगामागे एक फिकट डाग दिसायचा. कुणीतरी "आला, आला!" ओरडायचं, सगळ्या वाट्या एकदम वर जायच्या आणि डाग पुसला जायचा. लेकीची शिट्टी सुरू झाली होती. हे तिला अंगणात फिरवत होते, कोडी घालत होते. मी सारखी बजावत होते, "झोपायचं नाही हं, सोन्या. अजिबात झोपायचं नाही." दुसरं माझ्या हातात होतं तरी काय!

मध्यरात्र टळून गेली तेव्हा बुवा म्हणाले, "आता नाय व्हायचं. चांदणं नाय पडलं तर ते औषध नाय, नुसती खीर. खावा परसाद म्हणून. पुढल्या साली या."

माझं डोकंच फिरलं. "अहो बुवा, चंद्र आहे की वर! ढगाच्या मागे आहे, गेलाय कुठे तो?"

बुवांनी हात जोडले. "बाय, ते माझ्या हातात हाय का?"

त्यांच्याशी भांडायचंही त्राण राहिलं नाही. मी पडवीत भिंतीला टेकून बसले आणि खूप रडले. लेकीने खीर खाल्ली. गोड आहे म्हणाली.

पहाटे आम्ही स्टेशनकडे निघालो. लेक ह्यांच्या खांद्यावर होती. वळणावर हे थांबले. मावळतीला चंद्र होता, पूर्ण, आणि आभाळात ढगाचा एक धागा नव्हता.

"आता काय डोंबल करायचंय त्याचं!" मी ओरडले. रात्रभरात मी ढगांवर चिडले होते, बुवांवर चिडले होते, ह्यांच्यावर तर कारण नसताना चिडले होते.

लेकीने मान वर केली. चंद्राकडे बघितलं. दर दोन शब्दांनी दम खात म्हणाली, "आई, मी ना, मघाशी थोडीशी झोपले होते. बाबांना कळलं नाही. म्हणून तेव्हा आला नाही का तो?"

"नाही गं बाळा," मी म्हटलं, "ढग होते म्हणून."

कुठले ढग, ते कसे तयार होतात, का हलत नाहीत, सगळं तिला सांगितलं. तिने शहाण्यासारखी मान हलवली. तिला ते पटलं नव्हतं.