पर्जन्यमापकातली धूळ

जामखेडच्या कचेरीत पाऊस मोजणारा तो कारकून रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापक उघडायचा. बहात्तरच्या दुष्काळात त्यात नुसती धूळ निघे. धुवायला पाणी नाही, म्हणून तो नरसाळं धोतराच्या सोग्यानं पुसायचा, वहीत शून्य लिहायचा आणि ती धूळ पुडीत बांधून वर तारीख घालायचा.

"हे कशाला?" मी एकदा विचारलं.

"वरनंच पडली की, गुर्जी. पडल्यालं टाकून कसं द्यायचं?"

मी भूगोल शिकवायचो. पृथ्वी नवी होती तेव्हा आभाळात इतकी धूळ होती, की ऊन खाली पोचेना आणि जमीन गारठली, असं वाचलेलं त्याला सांगून बसलो. तिथंच चुकलं. मग दुष्काळी कामावर खडी फुटून धूळ उडायला लागली, की तो कचेरीबाहेर येऊन सूर्य फिका पडलाय का ते बघत राही.

एका सकाळी तो ताजी पुडी घेऊन थेट माझ्या वर्गाच्या दारात आला. 

"गुर्जी, तवाची धूळ खाली बसली कशी?"

"पावसानं. किती वर्षं लागली कुणास ठाऊक, पण बसली."

"व्हय," तो म्हणाला, "पर तवा वाट बगायला कुनी न्हवतं."