गव्याने अडवलेली वाट

अप्पा गेले तेव्हा मी गावी गेलो नाही. ग्रीन कार्डाचे कागद अडकलेत, आत्ता देश सोडला तर परत येता येणार नाही, असं सगळ्यांना फोनवर सांगितलं. ते अर्धंच खरं होतं. वकील म्हणाला होता, धोका आहे, पण जाता येईल. मी धोका घेतला नाही. अग्नी चुलतभावाने दिला. पुढे बराच काळ मी हे कुणाला बोललो नाही, बायकोलाही नाही. देवासमोर उभं राहणंही तेव्हापासून सुटलं. नोव्हाय गावातल्या आमच्या घरी स्मिता संध्याकाळी दिवा लावायची आणि मी नेमकं त्याच वेळी गॅरेजमध्ये काहीतरी काम काढायचो.

अप्पांचं वर्षश्राद्ध उरकून आई आमच्याकडे आली. ही दोन हजार पाचच्या सुमाराची गोष्ट. तिने एका शब्दानेही मला काही विचारलं नाही, आणि ते न विचारणंच मला जड जात होतं. घरात समोरासमोर बसायला नको म्हणून की काय, उन्हाळ्याच्या सुट्टीच्या शेवटी मी सगळ्यांना घेऊन यलोस्टोनला निघालो. ती गाडी आजही डोळ्यांसमोर येते. मागे राइस कुकर, दशम्या, लसणाच्या चटणीचा डबा. स्मिताच्या मांडीवर छापून घेतलेल्या नकाशांची चळत. आमची नऊ वर्षांची रेवा आजीला इंग्रजी पाट्या वाचून दाखवायची आणि आजी प्रत्येक पाटीला "असं होय!" म्हणायची. पार्कात शिरताच रस्त्यावर बायसनचा कळप आला, गाड्या थांबल्या. आई म्हणाली, "हे तर गवे! आपल्याकडे गवा दिसला की माणसं पळत सुटतात, इथं फोटो काढतात." आम्ही सगळे हसलो. मीसुद्धा.

मग गरम पाण्याची कुंडं आली. निळंशार, उकळतं पाणी, कडेला पांढरट जमीन, वर गंधकाचा वास. आईने हात जोडले. "अरे, हे तर आपलं उन्हाळं! जोडे काढू का रे?" कोकणात आमच्या गावाजवळ अशीच कुंडं आहेत. पुरचुंडीत तांदूळ बांधून गेलेल्या माणसाच्या नावाने त्या पाण्यात सोडायचे, ही आमच्या घराची रीत. तांदूळ अर्धेकच्चेच शिजायचे, पण तोच नैवेद्य.

"आई, हे देवस्थान नाही. पाण्यात काही टाकलं तर रेंजर पकडेल."

"रेंजर म्हणजे इथला पुजारी का?" ती हसली. मग हळूच म्हणाली, "अप्पांच्या नावाचा घास राहिलाय रे. मुलाच्या हातचा."

माझ्या वर्मावर बोट पडलं. "इथं ही नाटकं नकोत," असं म्हणून मी पुढे चालू लागलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चांगलाच गारठा होता. थंडीमुळे कुंडांवर वाफ इतकी दाटली होती की दहा पावलांवरचं माणूस दिसेना. स्मिता रेवाला रेस्टरूमकडे घेऊन गेली. "आईंजवळ थांब," असं सांगून गेली होती. मी थांबलो नाही. गायझर, म्हणजे जमिनीतून उसळणारं गरम पाण्याचं कारंजं, उडायची वेळ झाली होती, फोटोसाठी जागा धरायला पुढे गेलो. परत आलो तर बाक रिकामा. बाकाखाली आईचे स्पोर्ट्स शूज, शेजारी शेजारी नीट ठेवलेले.

रेवा धावत आली, "बाबा, आजी इज नॉट हिअर!" लाकडी वाटेच्या बाहेर जाऊ नका, जमिनीचं कवच पातळ आहे, खाली उकळतं पाणी आहे, अशा पाट्या जागोजागी होत्या. आईला इंग्रजी वाचता येत नव्हतं. मी मोठ्या कुंडाकडे धावलो. आदल्या दिवशी तिने हात जोडले होते ते तिथेच. पण वाफेतून एकदम एक गवा पुढ्यात आला. लाकडी वाटेवर आडवा, हलायला तयार नाही. लोक मागे सरकत होते. मला संताप आला, रडू आलं. मी वर्षभर ज्या देवाकडे पाठ फिरवली होती त्याला म्हणालो, "आता तूच बघ." दुसरी वाट नव्हती म्हणून डावीकडच्या अरुंद फाट्यावर वळलो.

तिथेच आई होती. लाकडी वाट सोडून, अनवाणी, त्या पांढऱ्या कवचावर, एका लहान कुंडाच्या काठाशी वाकलेली. हातात पुरचुंडी. ओरडलो असतो तर ती दचकली असती. धावलो असतो तर माझ्या वजनाने जमीन खचली असती. काय करावं सुचेना. आणि माझ्या तोंडून निघालं,

"आई, भूक लागलीय."

हे मी ठरवून बोललो नाही. शाळेतून आल्यावर दारातून मारायचो ती हाक होती, तोच सूर. आई लगेच सरळ झाली. "आले हं," म्हणाली, वळली, आणि त्या ओलसर जमिनीवर उमटलेल्या आपल्याच पावलांवर पाय ठेवत परत आली. लाकडी वाटेवर तिचा पाय पडला तेव्हा मी तिला धरलं.

पार्किंगजवळच्या टेबलावर तिने खरंच डबा उघडला. दशमीवर चटणी घातली. मी घास हातात धरूनच म्हणालो, "आई, मला येता आलं असतं. मीच आलो नाही."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "आधी जेव."

आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. तो गवा तिथे का उभा होता याचा अर्थ मी लावत बसत नाही. वर्षभर मी क्षमा मागण्यासाठी मोठमोठी वाक्यं जुळवत होतो. ऐन वेळी त्यातलं एकही कामी आलं नाही. सगळं हातचं सुटल्यावर जे बोललो ते माझं नव्हतं, कुणीतरी माझ्याकडून वदवून घेतलं. आता संध्याकाळी दिवा मी लावतो. काही मागत नाही. निरांजनाची वात नीट करतो आणि थोडा वेळ तिथेच थांबतो.