फोनवर बरे असलेले बाबा

गावच्या उपकेंद्रात डॉक्टर मोबाइलवर तपासणार आहेत म्हटल्यावर बाबांनी दाढी केली, लग्नकार्याचा शर्ट घातला. मी पुण्याहून त्यांच्यासाठीच आले होते. त्यांचे पाय सुजले होते आणि चार पावलांत धाप लागत होती.

सिस्टरने मोबाइल टेबलावर उभा केला. बाबा ताठ बसले. पडद्यावरच्या डॉक्टरांनी विचारलं, "काका, काय त्रास होतोय?"

"माका काय्येक जावक नाय. बरो आसंय. तुमी जेवलात?"

डॉक्टर हसले. आहेत त्याच गोळ्या चालू ठेवा म्हणाले आणि फोन बंद झाला.

परतताना चढावर बाबा तीनदा बसले. मी भडकलेच. "डॉक्टराक खोटा कित्याक सांगितलात?"

"फोनार कोण दुखणा सांगता गो? लांबच्या माणसाक उगाच घोर."

दर रविवारी व्हिडिओ कॉलवर ते मलाही हेच सांगायचे. बरो आसंय, तू जेवलंस गो?

आठवड्याभरात बाबा गेले. दिवसकार्याला आलेले लोक त्या मोबाइलवरच्या डॉक्टरांना नावं ठेवत होते. डॉक्टरांना टेबलाखालचे पाय दिसत नव्हते. मी तर शेजारीच उभी होते. मोबाइल जरा खाली वळवायला कितीसा वेळ लागला असता? पण मीसुद्धा तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यात दिसणाऱ्या बाबांकडेच बघत होते. आणि तिथे ते दर रविवारसारखे अगदी बरे दिसत होते.